रोझमेरी: ताजी, वाळलेली की पूड? (सुपाचं मलम झालंय, मदत हवी)

अर्धवट_आचारी (शनिवार, रात्री ११:०४)

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज नाइलाजाने धागा काढतोय.

संध्याकाळी पांढऱ्या बीन्सचं सूप केलं. पाककृतीत होतं: रोझमेरी (सुईसारख्या पानांची ती सुगंधी वनस्पती), बारीक चिरून, २ छोटे चमचे. ताजी घरात नव्हती. मसाल्यांच्या कप्प्यात मागे कुठेतरी पुडीची बाटली सापडली. झाकण उघडलं, वास आला, म्हटलं चालतंय की. दोन चमचे अगदी सुरीने सपाट करून मोजले आणि टाकले. सूप राखाडी-हिरवट व्हायला लागलं तेव्हाच शंका यायला हवी होती. पहिला घोट घेऊन बायको शांतपणे म्हणाली, "हे प्यायचंय की छातीला चोळायचंय?"

तर आता मला सांगा, चूक नक्की कुठे झाली? ताजी, वाळलेली आणि पूड या तिन्हींचा हिशोब कसा करायचा, कुठे काय वापरायचं? आणि फ्रिजमध्ये अर्धं पातेलं पडलंय, त्याचं काही होईल का की सरळ ओतून देऊ?

चमचाभर (शनिवार, रात्री ११:२०)

ओतू नका. आधी चूक सांगते.

"बारीक चिरून" असं लिहिलं होतं ना? चिरायची म्हणजे ताजी. तुम्ही चमचा तोच ठेवलात आणि वस्तू बदललीत. ढोबळ हिशोब असा: ताजी चिरलेली ३ चमचे = वाळलेली अख्खी पानं १ चमचा = पूड अर्धा ते पाऊण चमचा. म्हणजे तुमच्या २ चमच्यांच्या जागी पूड पाव चमच्याहून थोडी जास्त, फार तर अर्धा चमचा हवी होती. तुम्ही चौपट तरी घातलीत, कदाचित सहापट.

पूड चमच्यात गच्च बसते. पानांच्या मध्ये हवा असते, आणि ताज्या पानांत तर पाणीही असतं. त्यामुळे चमचा एकच असला तरी त्यात मावणारा माल एक नसतो.

उगाच (शनिवार, रात्री ११:२६)

बायकोच्या वाक्याला शंभर गुण. रुमाल टाकून ठेवतोय, उद्या वाचतो.

रानवारा (रविवार, सकाळी ७:४८)

वहिनींचं नाक अगदी बरोबर आहे, त्यात गंमत काहीच नाही.

रोझमेरीच्या तेलात सिनिओल, कापूर आणि पायनीन हे मुख्य ऐवज. सिनिओल म्हणजे निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक, पायनीन पाइनच्या राळेत असतं, आणि कापूर तर सांगायलाच नको. सर्दीच्या मलमांत याच कुटुंबातली मंडळी बसलेली असतात. बेतात असली तर आपल्याला "रानातला छान वास" वाटतो, जास्त झाली की औषधाचं कपाट उघडल्यासारखं होतं. पदार्थ तोच, फरक मात्रेचा.

प्रमाणाचं गणित चमचाभर यांनी दिलंच आहे, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं: हे तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. अख्खं पान ते हळूहळू सोडतं. पूड केली की ग्रंथी फुटलेल्याच असतात, सगळं तेल एका दमात बाहेर. शिवाय पानातले कडवट घटकही मोकळे होतात. त्यातला कार्नोसोल चांगलाच कडू आहे. उघड्या पातेल्यात तासभर उकळलंत तर सुगंध वाफेबरोबर जातो आणि कडूपणा मागे राहतो. म्हणजे नको ते शिल्लक.

म्हणून माझ्या मते हे एकाच जिन्नसाचे तीन आकार नाहीत, तीन वेगळे जिन्नस आहेत. पाककृती वाचताना मी एकच प्रश्न विचारतो: घातलेली रोझमेरी नंतर काढून घेता येणार आहे का? येणार असेल तर चूक झाली तरी हातात लगाम राहतो. पूड टाकली की सुटलेला बाण.

अजून एक. सगळ्या झाडांचं तेल सारखं नसतं. कुठल्यात सिनिओल जास्त, कुठल्यात कापूर, कुठल्यात व्हर्बिनोन नावाचा आणखी एक घटक. त्यामुळे एका बाटलीवर बसलेला हात दुसऱ्या बाटलीला लागू होईलच असं नाही. नवीन बाटली उघडली की पहिल्या वेळी निम्मीच घाला.

चमचाभर (रविवार, सकाळी ८:१५)

सुपाबद्दल राहिलं होतं. गाळून फायदा नाही, पूड पुरती विरघळत नसली तरी वास पाण्यात आणि तेलात उतरलेला असतो. बटाटा टाकून "वास शोषला जातो" वगैरे कुणी सांगेल, विश्वास ठेवू नका. बटाटा फक्त पातेलं मोठं करतो. अर्थात तुम्हाला तेच करायचंय! रोझमेरी अजिबात न घालता सूप पुन्हा करा, जुन्याच्या तिप्पट, आणि जुनं त्यात थोडं थोडं मिसळत चव घेत जा. बीन्स मऊ शिजवून निम्म्या ठेचल्या की दाटपणा येतो आणि तीव्रता दबते. थोडं क्रीम किंवा ऑलिव्ह तेल, उतरवल्यावर लिंबाचे चार थेंब. साखर घालू नका, कडू-गोड काढा होईल.

उरलेलं लहान डब्यांत गोठवा. पुढच्या वेळी तेच मसाला म्हणून दोन-तीन डाव वापरता येईल.

अर्धवट_आचारी (रविवार, सकाळी ९:०२)

तिप्पट!! आमच्या घरी माणसं दोन आहेत हो. पण ठीक आहे, गोठवण्याची कल्पना आवडली.

रानवारा, "काढून घेता येणार आहे का" हे वाक्य फ्रिजवर चिकटवतोय. पण मग पूड विकतातच कशाला?

टिचभर (रविवार, सकाळी ९:१०)

विकतात कारण लोक घेतात. मी पूड आणि वाळलेली दोन्ही बाद केली आहेत. ताजी असेल तर घालायची, नसेल तर दुसरं काहीतरी करायचं. वाळलेली म्हणजे ख्रिसमसच्या झाडाखालचा कचरा.

कुंडीतली_बाग (रविवार, सकाळी १०:३३)

टिचभर, ताजीच्या बाजूने मीही आहे, पण कचरा म्हणू नका. बेसिल, पार्सली वाळवली की गवत होतं ते खरं. रोझमेरीचं तसं नाही. पान जाड, चिवट, मुळात पाणी कमी, त्यामुळे वाळूनही बराच वास टिकतो. थाइम आणि ओरेगॅनो याच पंक्तीतले.

ताजीबद्दल थोडं सांगते, कारण हाताशी झाड असूनही लोक घोळ करतात.

पानं काढायची तर डहाळीचं टोक एका हातात धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने वरून खाली, म्हणजे पानं ज्या दिशेला वाढतात त्याच्या उलट ओढायचं. सगळी पानं एका झटक्यात हातात येतात. टोकाचा दोन बोटं भाग कोवळा असतो, तो देठासकट चिरला तरी चालतो. खालची काडी लाकडासारखी होते, ती खाण्यात येऊ द्यायची नाही. फेकायचीही नाही! जाड सरळ काड्या जपून ठेवा, टोक तासा, अर्धा तास पाण्यात भिजवा आणि त्यावर मश्रूम किंवा चिकनचे तुकडे ओवून भाजा. आतून वास लागतो.

चिरायची ती खरोखर बारीक. दोन मिलिमीटरहून मोठा तुकडा दाताखाली आला की टोचतो. बोथट सुरीने चिरलीत तर पानं ठेचली जातात आणि काळी पडतात, म्हणून आधी सुरीला धार.

ओलसर कागदात सैलसर गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवलेली डहाळी दहा-बारा दिवस सहज राहते. त्यापुढे गोठवा. गोठलेल्या डहाळीला नुसतं चोळलं तरी पानं गळून पडतात, ही मला सगळ्यात आवडणारी सोय आहे.

आणि नर्सरीतून झाड आणलंत तर लगेच खाऊ नका. शोभेचं म्हणून विकलेल्या झाडांवर काय फवारलंय ते आपल्याला दिसत नाही. जुनी पानं छाटा, नवी फूट आली की मग ती वापरा.

उगाच (रविवार, सकाळी १०:५१)

अवांतर: रोझमेरीचं पाणी केसांना लावतात ते आणि हे एकच का? माझ्याकडे अर्धी बाटली पडून आहे, सुपात चालेल का?

चमचाभर (रविवार, सकाळी १०:५५)

नाही. केसांसाठी वेगळा धागा काढा, इथे मला जेवायचंय.

पण गंभीरपणे एक सांगते. केसांचं किंवा अरोमाथेरपीचं इसेन्शियल ऑइल "दोन थेंबच तर घालायचेत" म्हणून कुणीही स्वयंपाकात घालू नये. पुडीचं जे झालं त्याच्या कैकपट तीव्र असतं ते, आणि खाण्यासाठी बनवलेलंही नसतं.

रानवारा (रविवार, सकाळी ११:२०)

बाटल्यांवरून आठवलं. बऱ्याच पाकिटांवर घटकांमध्ये "रोझमेरी एक्स्ट्रॅक्ट" छापलेलं असतं आणि लोकांना वाटतं चवीसाठी घातलंय. ते चवीसाठी नसतं. पानातलं कार्नोसिक आम्ल तेलं-चरबी खवट होण्यापासून रोखतं, म्हणून घालतात. युरोपीय महासंघाने २०१० मध्ये त्याला अन्नात मिसळायचं द्रव्य (अ‍ॅडिटिव्ह) म्हणून ई ३९२ हा क्रमांक दिला. यातला वास बहुतेकदा मुद्दाम काढलेला असतो.

नावाचंही सांगून टाकतो. रोझ आणि मेरी या दोन्ही बायांचा इथे संबंध नाही. लॅटिन 'रोस मारिनस', समुद्राचं दव. भूमध्य सागराच्या काठचं झुडूप, म्हणून. शास्त्रीय नाव आपण सगळे रोझमरिनस ऑफिसिनॅलिस शिकलो. २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला सेज या वनस्पतीच्या घरात, म्हणजे साल्व्हियात, नेऊन बसवलं, आता ती साल्व्हिया रोझमरिनस. स्वयंपाकात याने काडीचाही फरक पडत नाही, पण रविवार आहे.

निळी_बरणी (रविवार, दुपारी १:४०)

मस्त धागा. माझी पद्धत: एका सुंदर काचेच्या बाटलीत ऑलिव्ह तेल, त्यात रोझमेरीच्या दोन ताज्या डहाळ्या आणि लसणाच्या चार-पाच पाकळ्या. ओट्यावर खिडकीशी ठेवते. दिसतेही छान आणि महिनाभर वापरता येते. ब्रेडला, पास्त्याला, कशालाही. मोजमापाची कटकटच नाही.

चमचाभर (रविवार, दुपारी १:५२)

निळी_बरणी, ती बाटली कृपया आजच रिकामी करा. चेष्टा करत नाहीये.

निळी_बरणी (रविवार, दुपारी २:०५)

अगंबाई, का? कित्येक वर्षं करतेय, कधी कुणाला काही झालं नाही.

रानवारा (रविवार, दुपारी २:४१)

ताई, चमचाभर बरोबर सांगतायत. जरा सविस्तर लिहितो, कारण या बाटल्या सगळीकडे दिसतात.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. पानांवर, लसणावर ते येतात, धुऊन सगळे जात नाहीत, आणि साध्या उकळण्यानेही मरत नाहीत. एरवी ते निरुपद्रवी असतात कारण हवेत वाढत नाहीत. आता तुमची बाटली बघा. ताज्या पानात आणि पाकळीत पाणी आहे, आंबटपणा नाही, वरून तेलाने हवा बंद केलीय आणि ठेवलीय खोलीच्या उबेत. त्यांना हवं तेच सगळं. ते जे विष तयार करतात त्याने बोट्युलिझम होतो, माणूस जाऊही शकतो. आणि तेलाचा वास, रंग, चव यांतलं काहीही बदलत नाही, म्हणजे "बिघडलं तर कळेलच" हेही नाही.

"कधी काही झालं नाही" याचं काय सांगू? दर बाटलीत होत नाही हे खरं. एकदा झालं तर मात्र ते एकदाच पुरतं.

हौस सोडायची गरज नाही. ताजी घालायची तर थोडंच तेल मंद आचेवर कोमट करा, डहाळी दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, गाळा आणि लगेच वापरा. उरलं तर फ्रिजमध्ये, तेही चार दिवसांच्या आत संपवायचं. जास्त टिकवायचं तर बर्फाच्या ट्रेमध्ये चिरलेली पानं आणि तेल घालून गोठवा, लागेल तसा एक खडा कढईत टाका. आणि खिडकीतली शोभेची बाटलीच हवी असेल तर पूर्ण कडकडीत वाळलेली रोझमेरी वापरा, लसूण न घालता. पाणीच नाही म्हटल्यावर जिवाणूला वाढता येत नाही. वाळलेलीचा हा एक मोठा फायदा, टिचभर यांनी लक्षात घ्यावा.

निळी_बरणी (रविवार, दुपारी ३:१०)

ओतली. बाटली छान होती हो.

खडे करून बघते. धन्यवाद, जरा घाबरवलंत पण धन्यवाद.

टिचभर (रविवार, दुपारी ३:१८)

ठीक आहे, वाळलेलीला एक गुण. पण दातात अडकते त्याचं काय? जेवण झाल्यावर टाचण्या चावल्यासारखं वाटतं.

चमचाभर (रविवार, दुपारी ४:००)

कारण तुम्ही बाटलीतून सरळ ताटात शिंपडता. वाळलेल्या पानाला पाणी किंवा तेल प्यायला वेळ द्यायला लागतो.

रस्सा, स्ट्यू, टोमॅटोचा सॉस असेल तर कांदा परततानाच तेलात टाका, अर्ध्या तासात मऊ होतात. तरी पूर्ण विरत नाहीतच, म्हणून मी स्वच्छ मलमलच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून सोडते आणि शेवटी काढते. चहा गाळायची जाळीची डबीही चालते. झटपट पदार्थ असेल तर चमचाभर पानांवर दोन चमचे गरम पाणी ओतून दहा मिनिटं ठेवा. ते पाणीही पदार्थात घाला, फेकू नका.

आणि खलबत्त्यात चार ठोके. भुगा नाही करायचा, मोडायची फक्त. तेवढ्यानेच दाताचा प्रश्न निम्मा सुटतो, आणि जो वास येतो तो बाटलीतल्या तयार पुडीला कधीच येणार नाही.

ओव्हनबाई (रविवार, सायं. ५:३७)

उशिरा आले. पुडीच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून टंकायला बसले.

अर्धवट_आचारी, पूड विकतात कशाला, तर माझ्यासाठी! पातळ पदार्थ हे तिचं ठिकाणच नाही. स्वच्छ सूप गढूळ होतं, तळाशी रेव बसते. पण जिथे काढून घेणं शक्यच नाही, पाणी फार नाही आणि दाताला काही लागायला नको, तिथे पुडीसारखं काही नाही. चीजची कुरकुरीत बिस्किटं, क्रॅकर्स, ब्रेडचं पीठ. भाजायच्या चिकनला किंवा मटणाला चोळायचा कोरडा मसाला. मीठ आणि पूड मिसळून पॉपकॉर्नवर. तिथे पानं टाकलीत तर ती गळून तळाशी जातात किंवा वरच्यावर करपतात.

फक्त विकतची घेऊ नका. वाळलेली अख्खी पानं घ्या आणि लागेल तेवढीच दळा. दोन मोठे चमचे पानं, त्यात अर्धा चमचा जाडं मीठ, मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबून थांबून फिरवायचं. मिठाने पानं नीट दळली जातात. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि झाकण उघडताच सगळा वास तुमच्या नाकात, बरणीत काही नाही. बारीक चाळणीने चाळा, वर राहणारे तंतू टाकून द्या. हवाबंद, अंधारात, शेगडीपासून लांब. अख्खी वाळलेली पानं वर्ष-दीड वर्ष बरी राहतात, पूड सहा महिन्यांत थकते. तपासायचं तर चिमूटभर तळहातावर चोळायची. वास वर यायला वेळ लागला तर ती फक्त रंगापुरती उरलीय.

अर्धा किलो मैद्याच्या ब्रेडला मी एक सपाट छोटा चमचा पूड घालते. त्याच्या वर गेले की माझाही ब्रेड वहिनींच्या मलमाकडे झुकतो.

अर्धवट_आचारी (रविवार, सायं. ६:१२)

"वहिनींचं मलम" आता या संस्थळावर कायमचं राहणार असं दिसतंय.

ओव्हनबाई, फोकाच्यावर (तो चपटा इटालियन ब्रेड) मात्र अख्खी पानंच दिसतात ना? ती करपत नाहीत?

ओव्हनबाई (रविवार, सायं. ६:३०)

करपतात, कोरडी टाकली तर! ताजी पानं आधी तेलात घोळवायची, मग पिठात बोटांनी खड्डे करताना ती खड्ड्यांत दाबायची. तेलाच्या थारोळ्यात बसली की २२० अंशांवरही कुरकुरीत होतात, काळी पडत नाहीत. वाळलेली इथे नको, आधीच वाळलेलीला पुन्हा भाजून काय मिळणार, कडू काड्या.

गोडातही घालून बघा, लोक दचकतात पण घालून बघा. तस्कनीत चेस्टनटच्या पिठाचा कास्तान्याच्चो नावाचा केक करतात, त्यावर रोझमेरीच असते. मी शॉर्टब्रेडच्या बिस्किटांत घालते. मैदा, लोणी, साखर वजनाने ३:२:१. म्हणजे २४० ग्रॅम मैद्याला १६० लोणी, ८० साखर आणि ताजी अगदी बारीक चिरलेली रोझमेरी १ मोठा चमचा. युक्ती एवढीच, की रोझमेरी आधी साखरेत बोटांनी चोळायची, साखर ओलसर हिरवट होईपर्यंत. साखरेच्या कणांनी पानं खरवडली जातात आणि तेल साखरेत उतरतं. मग लोणी. १६० अंशांवर कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत.

कुंडीतली_बाग (रविवार, सायं. ७:०५)

साखरेचा पाक पण. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, उकळी आली की बंद, त्यात बोटभर लांबीच्या दोन डहाळ्या, झाकून २० मिनिटं. गाळून फ्रिजमध्ये. लिंबाच्या सरबतात हा पाक घातला तर पाहुणे विचारतातच. वीस मिनिटं म्हणजे वीस. एकदा रात्रभर विसरले होते, शेवटी अर्ध्या पाकात साधा पाक घालून वेळ मारून नेली.

उगाच (रविवार, सायं. ७:११)

बटाटे कुणी बोललंच नाही अजून? रोझमेरी आणि बटाटे सोडून सगळी वनस्पतिसृष्टी झाली.

चमचाभर (रविवार, सायं. ७:४६)

उगाच पहिल्यांदाच मुद्द्याचं बोलले.

बटाट्यांसोबत रोझमेरी सुरुवातीलाच ओव्हनमध्ये घातली तर पाऊण तासात कोळसा. शेवटी घातली तर बटाट्याला वास लागत नाही. यावर उपाय: तेल मंद गरम करा, त्यात चिरलेली ताजी रोझमेरी आणि ठेचलेला लसूण, लसूण सोनेरी व्हायला लागला की लगेच गाळा. ते तेल उकडलेल्या, जरा खडबडीत केलेल्या बटाट्यांना चोळा आणि २२० अंशांवर भाजा. गाळलेली पानं आणि लसूण बाजूला ठेवलेत ना, ते बटाटे बाहेर काढल्यावर वरून टाका. वास आतपर्यंत आणि पानंही हिरवी.

वाळलेली असेल तर गाळलेली पानं टाकून द्या, तेल तेवढं घ्या. पूड असेल तर... बटाटे भाजून झाल्यावर मिठात चिमूटभर मिसळून. भाजताना नाही.

टिचभर (रविवार, रात्री ८:२०)

मान्य, मान्य. पण पुडीच्या बाबतीत मी ठाम आहे. ओव्हनबाईंची घरची दळलेली पूड वेगळी, दुकानातली बाटली वेगळी. दुसरीला माझ्याकडून शून्य.

ओव्हनबाई (रविवार, रात्री ८:२८)

मी तेच म्हटलंय, फक्त सौम्य शब्दांत.

अर्धवट_आचारी (बुधवार, रात्री १०:१५)

अद्यतन.

जुन्या सुपाचे चार डबे गोठवले. आज नव्याने केलं. अर्धा किलो शिजलेल्या बीन्स, एक कांदा, तीन लसूण पाकळ्या. ताजी रोझमेरी आणली, बोटभर लांबीची एकच डहाळी कांद्याबरोबर तेलात टाकली, मग बीन्स आणि पाणी. दर पाच मिनिटांनी चव घेत होतो. दहाव्या मिनिटाला काही विशेष नाही, पंधराव्याला हलकेच यायला लागली, विसाव्याला डहाळी काढून टाकली. चार-पाच पानं सुटून सुपात राहिली होती, ती झाऱ्याने वेचत बसलो. मग दहा-बारा पानं गरम तेलात वीसेक सेकंद तळली, कागदावर काढली, वाढताना वर चुरडली. हे कुणी सांगितलं नव्हतं, माझंच डोकं, पण तळलेल्या पानांत तो मलमाचा धक्का जवळजवळ राहतच नाही, नुसता खमंग कुरकुरीतपणा.

बायकोने दोनदा घेतलं. बोलली काहीच नाही. वाडगा पुसून ठेवला फक्त.

गोठवलेल्या डब्यांतला एक डाव टोमॅटो सॉसमध्ये घालून बघणार आहे. आणि चमचाभर ताई, गेल्या आठवड्यातली ती बाटली उलटी करून बघितली. तळाशी छापलेली तारीख मी इथे लिहिणार नाही.

चमचाभर (बुधवार, रात्री १०:३२)

तळलेली पानं सही! तारखेचं मला सूप राखाडी झालं म्हणालात तेव्हाच वाटलं होतं. जुनी असूनही एवढा दणका दिला म्हणजे ताजी दळलेली असती तर काय झालं असतं.

निळी_बरणी (गुरुवार, सकाळी ९:४४)

मीही खडे केले. एक पास्त्यात टाकला, छान लागला. आता नवी अडचण. त्यानिमित्ताने झाड आणलं तर आठवड्यात पानांची टोकं तपकिरी पडायला लागलीत. रोज पाणी घालतेय तरी.

कुंडीतली_बाग (गुरुवार, सकाळी १०:०१)

रोज घालताय म्हणूनच. पाणी थांबवा. वरची दोन इंच माती बोट घालून कोरडी लागली तरच घालायचं, आणि घातलं की तळातून निथळून जायला हवं. कुंडीखाली बशी असेल तर त्यातलं पाणी ओता. मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) हवं. जिथे सगळ्यात जास्त ऊन येतं तिथे ठेवा, सहा तास तरी. टोकं छाटा, पण खालच्या बिनपानांच्या लाकडापर्यंत जाऊ नका, तिथून पुन्हा फुटत नाही.

छाटलेलं वाळवायचं असेल तर सुतळीने बांधून सावलीत उलटं टांगा. मायक्रोवेव्हमध्ये नको, जरा जास्त वेळ राहिलं तर पेट घेऊ शकतं.